कापायला मशीन, निवडायला माणूस

साध्या मराठी घरात दिवसभरात कापायचं असतं तरी किती? सकाळी दुधाची पिशवी, दुपारी गोळ्यांची पट्टी, संध्याकाळी शिवणाचा एखादा दोरा आणि कधीमधी मुलाच्या शाळेचा चार्ट. भाजी धरत नाही, ती विळीच्या खात्यात. एवढ्या कामाला एक कात्री पुरते, आणि ती वेळेवर सापडत नाही हीच काय ती अडचण. हरवलेली कात्री शोधून देणारं यंत्र कोणी काढलं असतं, तर आमच्या घराने त्याची रोज पूजा केली असती. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या लोकांनी मात्र हा प्रश्न दुसऱ्याच टोकाने सोडवला. त्यांनी कात्रीच बाद केली आणि टेबलावर मावणारं, विजेवर चालणारं, संगणकाचं ऐकणारं कापणी यंत्र घरोघरी पोचवलं. क्रिकट आणि सिल्हूट ही या क्षेत्रातली दोन मोठी नावं, दोन्ही युटाची. कुटुंबाचे फोटो अल्बममध्ये लावायचे आणि पानापानाला कागदी फुलं, चौकटी, अक्षरं कापून सजवायचं, हा तिथला जुना नाद. फुलं पुष्कळ आणि हात दोनच, म्हणून यंत्र आलं. तिसरं नाव ब्रदरचं. त्यांच्या यंत्रात स्कॅनरही असतो. कागदावर हाताने काढलेलं चित्र ते स्वतः पाहतं आणि कापतं.

आमच्याकडे आलेलं यंत्र यांपैकी कोणतं, हे मी सांगणार नाही. पुढे तक्रारी आहेत.

आणलं ते माझ्या धाकट्या जावेने. आम्ही ठाण्याला एकाच इमारतीत वर-खाली राहतो, त्यामुळे तिच्या घरात आलेली वस्तू माझ्या घरात आल्यासारखीच असते. खोका उघडून, वरची प्लास्टिकची पिशवी पुढे कधीतरी लागेल म्हणून घडी घालून ठेवून, ती म्हणाली, "ताई, आता कापायचे कष्ट संपले."

सासूबाई जवळच जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माळ थांबवून विचारलं, "कोणाचे?"

यंत्राची करणी पाहिली तर सोपी आहे. चिकट पृष्ठभागाच्या प्लास्टिकच्या चटईवर कागद किंवा व्हिनाइल चिकटवायचं आणि चटई रुळांच्या तोंडी द्यायची. रूळ चटईला पुढे-मागे नेतात, वरच्या दांडीवरून पात्याची पेटी डावी-उजवीकडे धावते, आणि दोघं मिळून वर्तुळ, मोर, गणपती, सांगाल ते काढतात. साध्या पात्याला वळवायला वेगळी मोटर नसते. त्याचं टोक मध्यापासून जरासं बाजूला असतं आणि ते आपल्या खोबणीत मोकळं फिरतं, त्यामुळे ओढ ज्या दिशेची त्या दिशेला ते आपोआप तोंड करतं. सासूबाईंना हे तत्त्व समजावून सांगावं लागलं नाही. त्यांच्या मते आमचे सासरे चाळीस वर्षं असेच चालले.

खरं कसब खोलीचं. स्टिकरचं नेहमीचं व्हिनाइल साधारण ६३ मायक्रॉन जाडीचं असतं. (मायक्रॉन हे माप प्लास्टिकबंदीच्या कृपेने आता आमच्या भाजीवाल्यालाही तोंडपाठ आहे.) पात्याने हे ६३ मायक्रॉन पूर्ण कापायचे आणि त्याखालच्या मेणचट कागदाला ओरखडाही काढायचा नाही. हे ते बिनचूक करतं. त्याबद्दल मी त्याला मानते, आणि इथून पुढे मानत नाही.

त्याआधी एका माणसाचा उल्लेख केला पाहिजे. व्हिनाइलची अक्षरं संगणकाच्या हुकमाने कापणारं यंत्र दुकानांच्या पाट्या करणाऱ्यांसाठी १९८०च्या दशकात ज्या कंपनीने बाजारात आणलं, तिचे संस्थापक जोसेफ गर्बर. जन्म १९२४, व्हिएन्नाचा. नाझींच्या तावडीतून निसटून १९४० साली ते आईबरोबर अमेरिकेत पोचले आणि इंजिनिअरिंग शिकू लागले. आलेखांवरची मापं काढताना होणारी आकडेमोड वाचवायला त्यांनी आपल्या पायजम्याचं इलॅस्टिक काढलं, त्यावर सारख्या अंतराने खुणा केल्या, आणि ते हवं तितकं ताणून मोजपट्टी म्हणून वापरलं. त्या इलॅस्टिकवरून मोजण्याचं उपकरण निघालं, उपकरणातून कंपनी, कंपनीतून कपड्यांच्या कारखान्यातली कापड कापणारी यंत्रं, मग पाट्यांची. १९९४ साली त्यांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडून नॅशनल मेडल ऑफ टेक्नॉलॉजी मिळालं. आपल्याकडे त्या काळी लेंग्याला नाडी असे. नाडी ताणून वाढत नाही. हा शोध आपल्याकडे का लागला नाही, याचं दुसरं कारण शोधायची मला गरज वाटत नाही.

तर यंत्र कापतं. दोन मिनिटांत, रातकिड्यासारखा आवाज करत, मन लावून कापतं. कापून झाल्यावर चटई बाहेर येते आणि तिच्याकडे पाहून वाटतं, याने काहीच केलेलं नाही. काळं व्हिनाइल होतं तसंच काळं. उजेडाकडे तिरपं धरल्यावर केसाएवढ्या रेषा दिसतात. या रेषांच्या आतलं ठेवायचं आणि बाहेरचं काढून टाकायचं, की बाहेरचं ठेवायचं आणि आतलं काढायचं, हे ठरवण्यात यंत्राचा वाटा नसतो. त्यासाठी टोकदार आकडा, चिमटा, वाचायचा चष्मा आणि एक मोठी जाऊ लागते.

हे काम म्हणजे हुबेहूब मेथी निवडणं. जुडी आणणाऱ्याला वाटतं भाजी आणली की झालीच. पण काडी बाजूला, पान बाजूला, पिवळं पान वेगळं, हे तासभर बसून जो करतो त्यालाच भाजीची खरी किंमत कळते. फरक एवढाच की मेथी चिकटत नाही. व्हिनाइलचा काढलेला प्रत्येक तुकडा आधी चिमट्याला चिकटतो, तिथून अंगठ्याला, अंगठ्यावरून दुसऱ्या हाताच्या तर्जनीला, आणि शेवटी जिथून काढला तिथेच जाऊन बसतो. मेथी निवडताना गप्पा मारता येतात, मालिका पाहता येते. इथे शिंक आली तरी एक अक्षर जातं.

निवडून झालं की ती अक्षरं कागदावरून पारदर्शक चिकट टेपवर घ्यायची आणि टेपवरून बरणीवर. कागदाने अक्षर कमी धरायला हवं, टेपने त्याहून जास्त, आणि बरणीने सगळ्यात जास्त. ही चढण जरा चुकली की अक्षर मध्येच मुक्काम करतं. मग बरणीवर घासायचं. घासायला कंपनीची वेगळी पट्टी विकत मिळते. जगभर लोक जुनं एटीएम कार्ड वापरतात. आमच्याकडे बंद केलेल्या खात्याचं एक कार्ड होतं. खात्यात होते त्यापेक्षा जास्त काम ते आता करतं.

आता हिशेब मांडा. कापायला दोन मिनिटं. अक्षराचं वळण निवडायला पाऊण तास, कारण शेवटी पहिलंच घेतात. कागद लावणं, निवडणं, टेप, घासणं, फुगे काढणं, ते निघत नाहीत म्हणून टाचणीने फोडणं, यात संध्याकाळ. यंत्राने जे काम आपल्या अंगावर घेतलं, ते मुळात या घरात कोणाला जड नव्हतंच. कात्री सापडली की आम्ही कापत होतो.

देवनागरी ही या कथेतली वेगळी आघाडी. यंत्रासोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये धाकटीने मोठ्या उत्साहाने 'जिरे' टाइप केलं, तर पडद्यावर पहिली वेलांटी ज च्या पुढे येऊन उभी राहिली. जोडाक्षरांचे पाय मोडून हातात आले. 'श्री' तर घरातल्या माणसांनी ओळख पटवून द्यावी अशा अवस्थेत होता. मग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द लिहायचा, त्याचं चित्र करायचं, ते चित्र इथे आणायचं, असा आडमार्ग निघाला. तेव्हा दुसरं विघ्न. प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन आलेलं, आणि दोन शिरोरेषा जिथे एकमेकींवर येतात तिथे यंत्र इमानेइतबारे चीर देतं. त्यावर अक्षरं एकसंध जोडण्याची सोय असते. ते बटण दाबलं आणि मग मात्र शिरोरेषेने असा काही उपकार केला, की आपल्या लिपीला दंडवत घालावा. अख्खा शब्द एका पट्टीला टांगलेला. एक टोक उचललं की 'हळद' सगळीच्या सगळी उठते. रोमन लिपीत हळद लिहायची तर पाच सुटे तुकडे, पाचांची ओळ सरळ ठेवायची कसरत. शिरोरेषेने आपल्याला शाळेत पट्टीचा मार खायला लावला असेल, पण बरणीवर तिने भरपाई केली.

फक्त अनुस्वार तिचं ऐकत नाही. ते टिंब शिरोरेषेला कुठेच टेकत नाही, आणि निवडताना कचऱ्याबरोबर निघून जातं. आमच्या फळीवर हिंगाचा हिग झाला, सुंठीची सुठ झाली, चिंचेची चिच होऊन तिला कोणी ओळख देईना. हरवलेली टिंबं नंतर सापडत गेली. एक सासूबाईंच्या चष्म्याच्या दांडीवर, एक माझ्या नवऱ्याच्या ऑफिसच्या शर्टाच्या कॉलरवर, तो दिवसभर ते मिरवून आला. शेवटी धाकटीने अनुस्वार शक्य तिथे टाळायचं ठरवलं. 'खोबरं' जाऊन 'खोबरे' आलं, 'लोणचं' जाऊन 'लोणचे'. चिमटीत न येणाऱ्या टिंबापायी आमच्या स्वयंपाकघराची भाषा पन्नास वर्षं मागे गेली आणि सासूबाईंच्या मते सुधारली. हिंगाला मात्र इलाज नाही. हिंगावर दर खेपेला सगळं घर उभं राहतं.

रांगोळीच्या छापाची गंमत उलटी. तिथे अक्षर कापून भोक ठेवायचं असतं. 'शुभ दीपावली' कापलं की प आणि व यांच्या पोटातले तुकडे खाली गळतात, कारण त्यांना धरून ठेवणारं काही उरत नाही. त्यांना बारीक पूल सोडावे लागतात. पुलांची जागा कोणती, रुंदी किती, ते दिसायला कसे, यावर दिवाळीआधी आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी ठाण्याच्या खाडीपुलावरही झाली नसेल.

यंत्र घरात आल्यावर पहिला महिना नामकरणाचा असतो. पारदर्शक काचेच्या बरणीत पिवळीजर्द हळद दिसते आहे, तिच्यावर 'हळद' लिहिलं जातं. फ्रिजवर 'फ्रिज' लिहायचं राहिलं ते केवळ सासूबाईंनी "मला अजून दिसतं" असं सांगितलं म्हणून. पूर्वी बरणी उघडून आत काय आहे ते पाहत होतो. आता 'मैदा' लिहिलेल्या बरणीत तांदळाची पिठी असते, आणि उघडून पाहिल्यावर डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की बरणीवर, हा नवा प्रश्न पडतो.

पण या खोडीचं खापर युटावर फोडता येणार नाही. वस्तूवर नाव घालायची आपली हौस फार जुनी आहे आणि तिच्यासाठी विजेचं यंत्रही आपल्याकडे केव्हाचं आहे. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर एक माणूस कर्र आवाज करणारं हत्यार घेऊन बसलेला असायचा. स्टीलचं पातेलं मांडीत उपडं घेऊन तो ठिपक्याठिपक्यांनी लिहायचा: अमक्याच्या विवाहाप्रीत्यर्थ, तमक्यांकडून सप्रेम भेट, आणि खाली तारीख. त्याला वळण निवडायला सांगायचं नसे. त्याचं वळण एकच, ते तो सगळ्या ठाणे जिल्ह्याला वाटत असे. आमच्या घरातल्या एका पातेल्यावर ज्या गृहस्थांचं नाव आहे त्यांना आम्ही कोणीही ओळखत नाही. बहुधा कोणत्यातरी कार्यात भांडी बदलली. आमटी मात्र गेली कित्येक वर्षं त्यांच्याच नावावर शिजते आहे, आणि ते नाव अजून एका ठिपक्यानेही पुसट झालेलं नाही.

व्हिनाइलचं तसं नाही. कायमस्वरूपी वापराचं म्हणून जे जर्मन बनावटीचं ६५१ क्रमांकाचं व्हिनाइल जगभर प्रसिद्ध आहे, त्याचं आयुष्य कंपनी उन्हापावसात सहा वर्षांपर्यंत सांगते. काढता येण्याजोगं ते ६३१. ऊन मोजलं, पाऊस मोजला, हे सगळं ठीक. आमच्या भांडी घासणाऱ्या मावशींची तारेची घासणी त्यांनी मोजलेली नव्हती. बाटलीवरचं ६५१ तिच्यापुढे आठवडाभर टिकलं. मावशींनी ते डाग समजून काढलं होतं आणि काढायला किती त्रास झाला तेही सांगितलं.

उगाच नावं ठेवते असं वाटू नये म्हणून दोन गोष्टी कबूल करते. सासूबाईंच्या गोळ्यांच्या डब्यांवर 'सकाळ', 'दुपार', 'रात्र' ही ठसठशीत अक्षरं लागली, त्या दिवसापासून चुकीची गोळी गेलेली नाही. आणि दिवाणखान्यातल्या बारा बटणांच्या पाटीवर कोणतं बटण कशाचं हे लिहिल्यापासून पाहुणे पंखा लावण्यासाठी घरभर लखलखाट करत नाहीत. या दोन कामांवर यंत्राने थांबायला हवं होतं.

साहित्याची खरेदी हा वेगळा प्रांत. यंत्राला कागद कोणता ते आधी सांगावं लागतं, आणि त्याच्या यादीत कागद पौंडांत आणि ग्रॅममध्ये असतात: ८० पौंडी कार्डस्टॉक म्हणजे २१६ ग्रॅम वगैरे. मुंबईच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर जाऊन हे विचारलं, तर दुकानदार शांतपणे म्हणाला, "जाड पाहिजे की पातळ?" त्याच्याकडे कागदाच्या एवढ्या दोनच जाती, आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून तो तिसरी ठरवतो. तीनशेहून अधिक प्रकारचे पदार्थ कापतो अशी एका मोठ्या यंत्राची जाहिरात आहे, त्यात चामडं आहे, पातळ लाकूड आहे, नमदा आहे. शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाचा आपला घोटीव कागद नाही, पतंगाचा कागद नाही. सासूबाईंनी यंत्र आल्याच्या दिवशीच "शंकरपाळे कापता येतील का?" असं विचारलं होतं. यादीत तेही नाहीत. तेव्हापासून त्यांच्या लेखी यंत्र अर्धंच आहे.

चटईविषयी एक उपयोगी माहिती देऊन ठेवते, कारण ही कोणी आपण होऊन सांगत नाही. कापलेला कागद चटईवरून उचलू नका. तो सुरळी होऊन येतो. चटई पालथी घाला आणि कागदावरून चटई सोलून काढा. कागद सपाट राहतो. चटईचा चिकटपणा मात्र कोणत्याही उपायाने कायम राहत नाही. ती घरातला प्रत्येक केस, सोफ्याचा धागा आणि वाऱ्याने आलेला खोबऱ्याचा कीस मायेने जवळ करते. भांड्याच्या साबणाने धुतली की तिला चार दिवस उमेद येते, मग पुन्हा कीस.

गणपतीच्या आधी यंत्राचे दिवस पालटले. मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि तापलेल्या तारेने कापलेली ती पांढरी देवळं घराघरांतून गेली. मखर पुठ्ठ्याचं, कागदाचं, कापडाचं झालं. इथे धाकटीला आपली वेळ आली असं वाटलं, आणि खरंच आली होती. फक्त यंत्राला बारा इंचांच्या पलीकडे जग नाही. हल्लीची यंत्रं खास साहित्य घातलं तर बारा फूट लांब कापतात, पण रुंदी बाराच इंच, म्हणजे पताकेला उत्तम. मखराची कमान तुकड्यातुकड्यांनी कापून जोडावी लागली. ऐन मध्यावर वीज गेली. परत आली तेव्हा यंत्राला आपण कुठे होतो ते आठवेना, आणि पाऊण कापलेला पुठ्ठा दुसऱ्यांदा नेमका त्याच रेषेवर बसवणं माणसाच्या हातचं नसतं. पण शेवटी जी जाळी उभी राहिली ती बघण्यासारखी होती, हे मी चटईवर हात ठेवून सांगेन. सुपारीएवढ्या फुलात आठ पाकळ्या आणि पाकळीत शिरा. हाताने ते होणं नाही.

दर्शनाला आलेला प्रत्येकजण कमानीपुढे थबकायचा. "अगंबाई, हे कोणी केलं?" धाकटी खूष होऊन सांगायची, "मी. मशीनवर." आणि समोरचा चेहरा तिथल्या तिथे उतरायचा. "हां, मशीनवर होय. मग काय." एवढं बोलून मंडळी प्रसादाच्या खिरापतीचं कौतुक करायला वळायची. खिरापत मी मिक्सरमध्ये केली होती. मिक्सर मशीन नाही, असा आपल्या समाजाचा समज आहे. रात्र जागून निवडलेल्या, जोडलेल्या, चिकटवलेल्या कामाचं सगळं श्रेय दोन मिनिटं राबलेल्या डब्याला मिळतं, हा या छंदातला सगळ्यात मोठा अन्याय. दुसऱ्या दिवसापासून धाकटी नुसतं "घरीच केलं" म्हणू लागली. तिसऱ्या दिवशी दोन ऑर्डरी आल्या.

या छंदातली माणसं जगभर अशीच तापट असतात असं दिसतं. मार्च २०२१ मध्ये क्रिकटने जाहीर केलं, की वर्गणी न भरणाऱ्यांना महिन्याला स्वतःची वीसच चित्रं यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवता येतील. पैसे मोजून घरी आणलेल्या कात्रीने महिन्याला वीसच कागद कापा, असा हा हुकूम. एरवी फुलं आणि फुलपाखरं कापणाऱ्या मंडळींनी असा गदारोळ केला, की काही दिवसांत कंपनीने माघार घेतली आणि मुख्याधिकारी आशीष अरोरा यांनी तसं खुल्या पत्रात लिहून दिलं. कंपनी त्याच महिन्यात शेअर बाजारात उतरत होती. हातात रोज धारदार पातं असलेल्या गिऱ्हाइकाशी अशा वेळी वाद घालू नये, हे त्यांना कळलं.

टी-शर्टचं थोडक्यात सांगते. इस्त्रीने कापडावर चिकटवायचं व्हिनाइल असतं, ते आरशातल्यासारखं उलटं कापावं लागतं. माझ्या माहेरच्या कुलसंमेलनाला एका चुलतभावाने आणि त्याच्या मशीनने मिळून सगळ्यांना कुळाचं नाव घातलेले शर्ट दिले, त्यात हे उलटं करणं राहून गेलं. सबंध कूळ दिवसभर उलटं वावरलं. कोणी काही बोललं नाही, कारण मोबाइलच्या सेल्फीच्या पडद्यावर नाव अगदी सुलटं दिसत होतं.

मध्यंतरी व्हिनाइलच्या उरल्यासुरल्या तुकड्यांसाठी आम्ही दोघी स्टेशनजवळच्या रेडियमवाल्याकडे गेलो. वर्षानुवर्षं रिक्षांवर 'आईचा आशीर्वाद' आणि मोटारसायकलींवर ४१४१ चं 'दादा' करून देणारा हा माणूस. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना सरकारी सुरक्षा पाटी आली आणि त्याचे दादा कमी झाले, पण दुकान चालू आहे. त्याच्याही टपरीत कापणी यंत्रच असतं, फक्त उभं, दोन फुटी, आणि कोपरे झिजलेलं. धाकटीने त्याला आपल्या यंत्राचा व्हिडिओ दाखवला. त्याने तो पूर्ण पाहिला, मान डोलावली आणि धंद्यातल्या माणसाचा एकच प्रश्न विचारला.

"मॅडम, निवडतं कोण? आमच्याकडे त्याला पोरगा ठेवलाय."

"आमच्याकडे मोठी जाऊ आहे," धाकटी म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि तुकड्यांचे पैसे घेतले नाहीत.

तेव्हा यंत्र घ्यायचं मनात असेल तर खुशाल घ्या. आधी चांगला चिमटा घ्या, मग टेबलावरचा लख्ख दिवा, मग यंत्र. गोळ्यांचे डबे आणि बटणांची पाटी या दोन कामांनी सुरुवात करा, आणि जमलं तर शेवटही. एवढी एकच विनंती आहे, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भरल्या घरात "पुढच्या वर्षी वाणाच्या प्रत्येक बाटलीवर जिचं तिचं नाव घालून देऊ" असं मोठ्याने बोलू नका. बोलायचंच असेल, तर ते निवडणार कोण आहे, तिला आधी विचारा.